आंबट ताकावर बहिष्कार

आम्हाला तर्कशास्त्र शिकवलं, परदेशातल्या लढाया पाठ करायला लावल्या. पण आंबट कशाला म्हणायचं नि तुरट कशाला, हे कुणा शहाण्याने शिकवलं? कुणीही नाही! आणि तोंड काळं झालं कुणाचं? माझं! ऐकाच आता.

धारवाडला कॉलेजात होतो तेव्हा सप्तापुरात गोदाक्कांच्या खाणावळीत आम्ही अकरा जण जेवायचो. विधवा बाई, आमच्यामुळेच त्यांची चूल पेटायची. त्या दिवशी माझ्या पानात ताकाऐवजी पिवळट तंबळी आली, ताकात काहीतरी वाटून घातलेली. अर्धी वाटी एका दमात ओढली. अहो, जीभ टाळ्याला चिकटली, गाल आत ओढले गेले!

"आंबलेलं ताक!" मी ओरडलो. "विद्यार्थ्यांना शिळं वाढता? उठा रे सगळे!"

"अरे, आम्ही चाखून तरी बघतो की," वसंता म्हणाला.

"अन्याय काय चाखून बघायचा असतो?"

गोदाक्का पुढे आल्या. "अरे बाबा, ते तुझ्या..." एवढं बोलून त्यांनी सगळ्या पोरांकडे पाहिलं आणि गप्प झाल्या.

बघा! चोर सापडला की असाच गप्प होतो! मी आणखी पेटलो. बाकीच्या दहाही जणांना भरल्या पानावरून उठवलं. पुन्हा या घरात जेवणार नाही, अशी शपथ घ्यायला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांकडे ताक घालणारी निंगव्वा मडकं घेऊन शेजारच्याच आमच्या खोलीच्या दारात हजर. सगळ्यांदेखत तिने माझ्या ओंजळीत ताक ओतलं.

"पी! रोज हेच घालते. आंबट आहे?"

छे! गोड होतं.

"आंबटानं तोंडाला पाणी सुटतं, अप्पा. काल सुटलं होतं?"

"नाही. कोरडं पडलं."

"मग ते तुरट! डाळिंबाची साल होती त्यात. काल सकाळपासून तुझा तांब्या सात वेळा परसाकडे गेला, अक्कांनी बघितलं. याला ढाळ लागलेत, हे पोरांसमोर कसं सांगायचं?"

वसंता भिंतीला टेकून हसत सुटला. आणि खरंच सांगतो, त्या तंबळीनंतर तांब्याला माझा हातही लागला नव्हता!

स्वतःचा असा संताप आला, की तसाच सगळ्यांना घेऊन गोदाक्कांकडे गेलो. निंगव्वाही मागोमाग आली. चूल थंडगार. अक्का कोपऱ्यात बसलेल्या. मी उंबऱ्यात उभा राहिलो, घसा साफ केला आणि सुरुवात केली, "अक्का, अज्ञान हाच या देशाचा खरा शत्रू! जोवर आपण..."

"अक्का," मागून निंगव्वा म्हणाली, "याचं पोट बांधलंत ते बरं केलंत. तोंड बांधायला काही आहे का घरात?"