उजव्या स्पीकरवरची कुंडी

आधीच सांगून ठेवतो, माझी आठवण आता भरवशाची राहिलेली नाही. कोणता किस्सा उन्हाळ्यातला आणि कोणता दसऱ्याचा, यात मी घोळ घालतो. मग माझी पत्नी शकू स्वयंपाकघरातून ओरडून दुरुस्ती करते. शेवटच्या किश्शात आधी कोण बोललं, याबद्दल तर मला कितीतरी वर्षं खात्री नव्हती.

पण किस्से मात्र भरपूर आहेत! टीव्हीला एक कॉम्प्युटर जोडा, दोन बाजूंना दोन स्पीकर ठेवा आणि समोर साठी उलटलेली तीन माणसं बसवा. किस्से गोळा करावे लागत नाहीत. कॉम्प्युटरच्या पंख्यात धूळ साचावी तसे ते साचतात.

हा संच मुलीनं पुण्याहून येऊन परभणीतल्या आमच्या हॉलमध्ये जोडून दिला आणि ती परत गेली. दर रविवारी दुपारी चारला दोघं यायचे. बाबाराव पेडगावचे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. हमीदभाईंचं पाथरीला एकेकाळी लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. आणि मी, भौतिकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. पीएच.डी. ध्वनिशास्त्रात. पुढचं वाचताना ही शेवटची गोष्ट कृपया विसरून जावी.

*

पहिल्या उन्हाळ्यात चित्र अडकायला लागलं. बरोबर चाळीस मिनिटं झाली की हिरो दार उघडायचा, आणि उघडतच राहायचा!

बिघाड शोधायची माझी एक शिस्त आहे. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो प्रयोगवहीत लिहायचा. प्लेअर बदलला, लिहिलं. फाईल बदलली, लिहिलं. सेटिंग बदललं, लिहिलं. चार पानं भरली. हिरो अजून दारातच.

बाबाराव उठले आणि बॉनेटवर ठेवावा तसा त्यांनी कॉम्प्युटरवर हात ठेवला.

"सर, गाडी तापलीय की! ह्याच्यावर गोधडी कुनी घातली?"

गोधडी नव्हती, शकूनं विणलेलं क्रोशाचं झाकण होतं. हवा बाहेर पडायच्या सगळ्या जाळ्या त्याखाली गुदमरल्या होत्या. चार पानांत त्या झाकणाचा एका शब्दानंही उल्लेख नव्हता!

झाकण काढलं. तरी माझी धास्ती जाईना, म्हणून मी कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे फिरवलं. सिनेमा एकदाही न अडकता संपला. शकू चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"तीन माणसं घामानं निथळतायत, आणि डब्याला कूलर!"

*

मग उजव्या स्पीकरमधून खरखर सुरू झाली. शिस्तीप्रमाणे मी आधी सेटिंगमध्ये जाऊन उजवी बाजू बंद केली. मग नवी वायर आणून बसवली. खरखर गेली! हमीदभाईंनी टाळ्या वाजवल्या, बाबारावांनी पाठ थोपटली, शकूनं उजव्या स्पीकरवर मनी प्लँटची कुंडी आणून ठेवली; डाव्यावर मुलीचा फोटो होताच. मी फार खूश होतो.

बाबारावांची जागा उजवीकडे, कुंडीजवळ; माझी डावीकडे. पुढच्याच रविवारी त्यांची तक्रार आली.

"हे सिनेमावाले सगळे सरांशीच बोलायलेत. माज्याकडं कुनी बघंना झालंय!"

आम्ही पोट धरून हसलो. कान तपासून घ्या, असा सल्लाही मी त्यांना दिला.

*

त्यानंतर एका रविवारी बाबारावांनी खिशातून रुमाल काढला. रुमालात पेनड्राईव्ह होता. लेकीच्या, सुनीताच्या लग्नाची जुनी कॅसेट त्यांनी त्यात भरून आणली होती. शूटिंग हमीदभाईंचंच.

बाबारावांच्या पत्नी गयाबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या.

"चेहरा फोटोत हाय, सर," ते म्हणाले. "आवाज ध्यानातून जायलाय. ह्याच्यात असंल तर बगा."

लावलं. पेडगावचा मांडव दिसला. हिरव्या लुगड्यातल्या गयाबाई दिसल्या, कुणाला तरी हातवारे करून काही सांगत होत्या. ओठ हलत होते आणि ऐकू येत होती सनई. सनई संपली की सिनेमाचं गाणं. गाणं संपलं की पुन्हा सनई.

"त्या काळी सगळे असंच वरून गाणी चढवायचे," मी हळूच म्हणालो.

हमीदभाई ताडकन उठले. "मैं नै मिटाया आवाज! अस्सल आवाज भी रख्या था मैं. खुदा कसम, है उसमें!"

"मग कुटं हाय?" बाबारावांनी विचारलं.

"सापडेल," मी म्हणालो. बोलून गेलो खरा, पण आवाज नसेलच तर? असून मला सापडला नाही तर? दर रविवारी बाबाराव आल्या आल्या विचारायचे, "घावला का, सर?" मी म्हणायचो, "शोधतोय."

*

दसरा झाला आणि रिमोट चालेना. सेल बदलले, लिहिलं. रिमोट उघडून पुसला, लिहिलं. कॉम्प्युटर तीनदा बंद-चालू केला, तेही लिहिलं. शेवटी शकू फडकं घेऊन आली आणि खाली वाकली.

"अहो, ह्याच्या डोळ्यात कुंकू कुणी घातलं?"

रिमोटचा किरण कॉम्प्युटरमध्ये जिथून आत जातो, त्या काळ्या ठिपक्यावर हळद आणि कुंकू अगदी जाड थापलेलं! वर झेंडूची पाकळीही चिकटवलेली. आमच्या घरात ही पूजा कधी होत नाही, म्हणून मी बाबारावांकडे पाहिलं.

"खंडे नवमी होती, सर! मी सत्तावीस वर्षं यष्टी पुजली, एकदा बी ब्रेक फेल न्हाई. म्हनलं ह्याला बी लावावं. गयाबाईचा आवाज द्यायचाय त्यानं."

शकूनं ठिपका पुसला. कुंकू मात्र एक इंच बाजूला, जाळीवर, तसंच ठेवलं.

*

मग शिट्टी! बारीक, कानात घुसणारी, येणारी-जाणारी. मला वाटलं, हाच धागा. या शिट्टीच्या मागेच आवाज दडला असणार! मी इतका उत्तेजित झालो की दोन रविवार सिनेमाच लावू दिला नाही. वायरी सोडवल्या, प्लग उलटे केले, फ्रिज बंद केला. शकूचं आईस्क्रीम वितळलं. शिट्टी कायम.

तिसऱ्या रविवारी मी उशीला टेकून वही लिहीत होतो. हमीदभाई माझ्याकडे टक लावून बघत होते. ते उठले, माझी उशी काढून घेतली. शिट्टी थांबली. उशी परत कानाला लावली. शिट्टी सुरू!

"प्रोफेसरसाब," ते अत्यंत अदबीनं म्हणाले, "सीटी आप बजा रै."

माझं कानाचं मशीन! ज्यानं दुसऱ्याला कान तपासायला सांगितलं, त्याचं.

*

मध्येच कधीतरी चित्र आणि आवाज यांची फारकत झाली. आवाज आधी, ओठ मागून. मी आवाज दोन सेकंद मागे ढकलायला गेलो आणि उलट्या दिशेनं ढकलून बसलो. पडद्यावरची बायको प्रश्न विचारायला तोंड उघडायची, त्याआधीच नवऱ्याचं उत्तर येऊन जायचं. मी वही शोधायला लागलो.

"राहू द्या, सर," बाबाराव म्हणाले. "आमचं तसंच हुतं. तिनं इचारायच्या आत मला ठावं असायचं, काय इचारनार ते."

मी वही शोधायचं थांबवलं.

*

आणि मग तो रविवार. बाबाराव सुनीताकडे, सोनपेठला कायमचे राहायला निघाले होते. पुढच्या रविवारी ते येणार नव्हते. पेनड्राईव्ह परत न्यायला आले होते.

"नसंल आवाज, सर. तुमी लय केलंत."

मी म्हणालो, "एकदा शेवटचं लावू." सनई सुरू झाली. शकू कुंडीला पाणी घालत होती. ती थबकली. एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे.

"अहो, तिकडच्या स्पीकरवरचा फोटो सनईबरोबर थरथरतोय. इकडं माझं पानही हलत नाही."

मी उठलो. उजव्या स्पीकरवर हात ठेवला. दगड! प्रयोगवही उघडली आणि मागे, मागे, मागे गेलो. दोन वर्षांपूर्वीचं पान, माझंच सुवाच्य अक्षर: 'उजवी बाजू बंद केली. तात्पुरती.'

वायर बदलल्यावर ती सुरू करायची राहिली होती. खरखर गेली, कारण सगळंच गेलं होतं! दोन वर्षं आम्ही अर्धाच आवाज ऐकत होतो.

"तभीच तो! अब याद आया!" हमीदभाई ओरडले. "कॅसेट में आवाज की दो पट्टी, डावी और उजवी! एक पट्टी पे गाने, दुसरी पे अस्सल आवाज! मैं बोल्या था ना?"

माऊस शकूनं धरला. डावी बाजू बंद, उजवी सुरू. सनई नाहीशी झाली. पातेल्यांचा खणखणाट आला, पोरांचा गलका आला, कुणीतरी मीठ मागितलं. गयाबाई वळल्या, सरळ कॅमेऱ्याकडे आल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"अवो, जेवलाव का तुमी?"

"न्हाई अजून!" बाबाराव म्हणाले. मोठ्यानं, तिथल्या तिथं, कुंडीजवळच्या खुर्चीतून.

आणि मला ते दोनदा ऐकू आलं. 'न्हाई अजून. न्हाई अजून.' मी सवयीनं सेटिंगकडे धावलो. शकूनं माझी बाही धरून मला खाली बसवलं. "बसा की गप!" त्या संध्याकाळी मी वहीत लिहिलं: 'नवा बिघाड. प्रतिध्वनी, अंदाजे अर्धा सेकंद. कारण सापडले नाही.'

गेल्या महिन्यात, इतक्या वर्षांनी, जुनी वही चाळताना ती ओळ दिसली आणि मला राहवलं नाही. त्या फाईलची एक प्रत माझ्याकडे होती. हॉलमध्ये मी एकटाच होतो. कानाचं मशीन काढून ठेवलं, हेडफोन लावला, फक्त उजवी बाजू सुरू ठेवली, आवाज पूर्ण वाढवला. पातेली वाजली. पोरं ओरडली. गयाबाई वळल्या, विचारलं. मग अर्धा सेकंद काही नाही. मग कॅमेऱ्याच्या मागून, कुठूनतरी जवळूनच, ओळखीचाच पण कितीतरी तरुण आवाज:

"न्हाई अजून!"