मानाची टाकी
जुन्या गाडीचं इंजिन मी इस्लामपुरात नव्याने बांधून घेतलं. कॉम्प्रेशन वाढलंय, आता जास्त ऑक्टेनचंच पेट्रोल घाला, साध्या पेट्रोलवर चढाला खडखडलं तर पिस्टन फुटेल, असं मिस्त्रीने बजावलं होतं. पुढच्याच आठवड्यात पाटणला सासुरवाडीत जेवून पडलो, तर सासऱ्यांनी जावयाचा मान म्हणून टाकी साध्या पेट्रोलने काठोकाठ भरून आणली! आता मानाचं पेट्रोल उपसून टाका, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनाच शेजारी बसवून महाबळेश्वरला निघालो.

महाबळेश्वरच्या घाटात इंजिन खडखडायला लागलं. ॲक्सिलरेटर दाबायची हिंमत होईना. शेजारी बसलेले सासरे मात्र मांडीवर थाप मारून म्हणाले, "पाव्हणं, आवाज लय भारी येतोय! दामटा की जरा!"

आणि मी दामटली.