काशिनाथला दिलेलं उत्तर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला तसं मी नको तेही सांगून बसलोय. सांगायचं म्हटलं की काहीतरी आडवं येतं – गिऱ्हाईक येतं, फोन वाजतो, नाहीतर मलाच झोप येते. खरंच येते. माणूस आपल्याच एखाद्या गोष्टीला इतका कंटाळू शकतो का? मी कंटाळलोय. म्हणून एकदा सांगून टाकतो. तुम्ही फक्त ऐका.

किन्हवलीला माझं औषधांचं दुकान आहे. शाळेतली पोरं येतात. त्यातला एखादा तेरा-चौदा वर्षांचा, आवाज फुटलेला, ओठावर काळसर लव, बाकीची गिऱ्हाईकं जाईपर्यंत साबणाच्या वड्या बघत उभा राहतो. मला लगेच कळतं. याला काहीतरी विचारायचंय आणि ते तोंडातून निघत नाहीये. मी त्याला आत स्टुलावर बसवतो आणि सांगतो. काय होतं, का होतं, कशाला घाबरायचं नाही, कशासाठी डॉक्टरकडे जायचं. पोरगं उठताना हलकं झालेलं असतं. लोक म्हणतात, दिनेशभाऊ पोरांशी फार चांगलं बोलतात. एकदा तर शाळेने वयात येणाऱ्या मुलांशी बोलायला बोलावलं आणि शाल-श्रीफळ दिलं. नारळ मी घरी नेला नाही. येता येता देवळाबाहेर बसलेल्या बाईला देऊन टाकला.

कारण ज्या एकाला सांगायला हवं होतं, त्याला मी सांगितलं नाही.

त्याचं नाव काशिनाथ. आमच्या गावचा, आमच्या शेताला त्यांचं शेत लागून, मधे एक बांध. आम्ही नववीत होतो. कबड्डी आमच्याकडे सगळेच खेळतात, पण काशा वेगळा होता. चढाईला गेला की समोरची पोरं मागे सरायची. मी राखीव. राखीव म्हणजे काय, तर पाण्याचा जग सांभाळायचा आणि टाळ्या वाजवायच्या. मला त्याचा राग यायचा का? तेव्हा विचारलं असतंत तर नाही म्हणालो असतो. तो माझा जिवाचा दोस्त होता.

त्या वर्षी माझ्या छातीत गाठ आली. डाव्या बाजूला, निप्पलच्या मागे, सुपारीएवढी. मग उजव्या बाजूला. शर्ट घासला तरी दुखायचं. आता मी हे दुकानात बसून सहज बोलतो, पण तेव्हा – तेव्हा मला वाटलं होतं मी बाई होत चाललोय. दुसरं काय वाटणार? कोण सांगणार होतं? आई-बापाशी असलं बोलायची पद्धत आमच्या घरात नव्हती. मी पाठ फिरवून कपडे बदलायला लागलो.

दिवाळीच्या सुट्टीत मुरबाडला मामाकडे गेलो. मामा एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होता. मला ताप भरला म्हणून त्याने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि मी ओरडलोच. त्यांनी बोटाने चाचपून पाहिलं आणि हसले. चांगलं हसले, टिंगलीने नाही. म्हणाले, "अरे, वयात येतोयस तू. पुष्कळ पोरांना होतं हे. वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं. दाबत बसू नको आणि काळजी करू नको."

इतकंच. पण बाहेर आलो तो दुसराच मुलगा होऊन. मामाने मला लिमलेटच्या गोळ्या घेऊन दिल्या, त्या दिवशी मी मुरबाडच्या बाजारात अक्षरशः उड्या मारत चाललो होतो.

परत आलो तर काशा हाताची घडी घालून बसायला लागला होता. मैदानावर येताना बनियनवर शर्ट घालायचा, खेळताना सुद्धा काढायचा नाही. खांदे पुढे. मला एका नजरेत कळलं. त्यालाही तेच झालं होतं, आणि माझ्यापेक्षा जास्त. माझं शर्टाखाली झाकलं जायचं, त्याचं जात नव्हतं. कळल्यावर मी काय करायला हवं होतं, हे शेंबड्या पोरालाही सांगता येईल.

पुढची गोष्ट गावाला माहीत आहे. शहापूरला तालुक्याचे सामने होते, त्याच्या आधी सराव चालला होता. गुरुजींनी सगळ्यांना शर्ट काढायला लावले, बनियनवर खेळायचं. पकडीत एकाचं कोपर माझ्या छातीवर बसलं आणि मी कळवळलो. पोरं जमली. "काय रे दिन्या, हितं दुखतं काय तुला? बघू, बघू." सगळे माझ्याकडे बघत होते. चोराच्या मनात चांदणं – मला वाटलं, आता संपलं. काशा बाजूलाच उभा होता. मी ओरडलो, "माझं काय बघताय? काशीबाईचं बघा!" आणि मागून त्याचं बनियन वर ओढलं. डोक्यापर्यंत. त्याचे हात बनियनमध्ये अडकले, त्यामुळे त्याला झाकताही येईना. तो तसाच, तोंडावर कपडा, हात वर, मैदानाच्या मधोमध. पोरं हसली. गुरुजींनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते ते मी पाहिलं.

माझ्याकडे मग कुणी बघितलं नाही.

काशीबाई हे नाव चिकटलं. वर्गात, पाणवठ्यावर, पिठाच्या गिरणीत. सामन्याच्या दिवशी त्याच्या पोटात दुखलं, आणि त्याच्या जागी शहापूरला मी खेळलो. पहिल्याच चढाईत पकडला गेलो. आम्ही हरलो. तरी मी संघात राहिलो, कारण तो परत आलाच नाही.

तुम्हाला वाटलं असेल, झालं, हाच तो कबुलीजबाब. नाही. हे कबूल करायला काय लागतं? गावात दहाजणांना ठाऊक आहे, लग्नकार्यात अजून कुणीतरी हसत हसत आठवण काढतं, आणि पोरवयात कोण असलं करत नाही, असं म्हणून विषय मिटतो. मीही मान हलवतो. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढंच त्याचं वजन. माझं जे आहे ते याच्या पुढचं आहे, आणि ते फक्त मला ठाऊक आहे. काशिनाथलाही नाही.

पुढच्या वर्षी भाताची लावणी चालली होती. आमची आवणं, म्हणजे भातखाचरं, शेजारी, त्यामुळे मधल्या बांधावर बसून भाकरी खायची. सगळे गडी उघडे, कमरेला टॉवेल, चिखलाने माखलेले. काशा एकटा पूर्ण बाह्यांच्या शर्टात. शर्ट भिजून अंगाला चिकटला होता आणि आतून छातीभोवती काहीतरी घट्ट बांधलेलं दिसत होतं. त्याच्या आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी होती ती. हिरवी, काठाची. वाकून वाकून लावणी करायची आणि श्वास पुरता घ्यायचा नाही – तो कसं करत असेल? त्याने मला बघताना पाहिलं. ओशाळला नाही. उलट जवळ सरकला. वर्षभरात तो माझ्याशी धड बोलला नव्हता, आणि आता हळूच म्हणाला, "दिन्या, तुझा मामा मुरबाडला डॉक्टरकडं हाय ना? त्याला विचारशील? हे जाईल का रे? माझं नाव नको सांगू."

कळलं ना तुम्हाला? ज्याने त्याला उघडं पाडलं, त्याच्याकडेच तो आला. दुसरं कुणी नव्हतंच त्याला. आणि उत्तर माझ्याकडे तयार होतं. तोंडात होतं. माझी स्वतःची एक बाजू तोवर बसलीही होती – सुंठीवाचून खोकला गेला होता माझा. "आपोआप जातं" – दोन शब्द.

मी म्हणालो, "विचारतो."

लावणी संपत आली तेव्हा त्याने परत विचारलं. मी मधल्या काळात मुरबाडला गेलोच नव्हतो. मी म्हणालो, "विचारलं मामाला. डॉक्टर म्हणले, काहींचं जातं, पण एवढं असेल तर जात नाय. तसंच राहतं."

हे. हेच ते.

का म्हणालो? तुम्ही विचारण्याआधी मीच किती वेळा विचारलंय. जातं म्हणालो असतो तर त्याने विचारलं असतं, तुला कसं माहीत, तुला झालं होतं का? हे एक. तो बरा होऊन मैदानावर आला असता आणि मी परत पाण्याचा जग धरून उभा राहिलो असतो, हे दुसरं. पण या दोन्हींखाली आणखी एक आहे, आणि ते सांगायला जीभ जड होते. मला त्याचा चेहरा बघायचा होता. ऐकल्यावर त्याचा चेहरा कसा होतो, ते.

काही झाला नाही. "बरं," म्हणाला. खाली वाकला आणि रोपं लावायला लागला.

दहावीनंतर त्याने शाळा सोडली. मी शहापूरला शिकलो, पुढे औषधांचं शिक्षण घेतलं, दुकान टाकलं. तो शेतीला लागला – पावसाळ्यात भात, मग भेंडी. मेहनती माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. नदीवर पोहायला कधी आला नाही. खांदे पुढेच राहिले. चाळिशीतला माणूस आहे आता, पण पाठमोरा बघितला तर म्हातारा वाटतो.

त्याचं लग्न उशिरा झालं. पोरगी मिळत नव्हती असं नाही, तोच पुढे ढकलायचा. त्याच्या हळदीला मी गेलो होतो. आमच्याकडची हळद म्हणजे काय सांगू – नवरा उघडा बसवायचा आणि छातीपाठीला, जिथे हात पोचेल तिथे हळद फासायची. वहिन्या-मावश्या ओरडत होत्या, "बनियन काढ रे, नवऱ्या! बायकोसमोर पण असाच बसणार काय?" तो हसत होता, पण बनियन दोन्ही हातांनी धरून बसला होता. शेवटी कुणीतरी हळदीच्या पाण्याचा अख्खा तांब्याच त्याच्या अंगावर ओतला. बनियन चिकटलं अंगाला.

मी समोरच उभा होतो. छाती सपाट होती. माझ्यासारखी, तुमच्यासारखी. शेतावर राबणाऱ्या कुठल्याही गड्यासारखी. काहीही नव्हतं तिथे. केव्हाच निघून गेलं होतं, डॉक्टर म्हणाले होते तसंच, वर्ष-दोन वर्षांत. आणि तो घट्ट धरून बसला होता – काय? तेव्हा पुढे होऊन त्याच्या कानात सांगता आलं असतं. हळदीच्या गोंगाटात कुणाला ऐकूही गेलं नसतं. मी जेवून घरी आलो.

मामा वारला तेव्हा काशिनाथ मुरबाडला मातीला आला होता. मला म्हणाला, चांगला माणूस होता, माझ्यासाठी डॉक्टरला विचारलं होतं त्यानं.

गेल्या वर्षीची गोष्ट. दुपारी दुकानात कुणी नव्हतं. काशिनाथ आला, आईच्या प्रेशरच्या गोळ्या घेतल्या, आणि जाईना. साबणाच्या वड्या बघत उभा राहिला. मग म्हणाला, "दिन्या, पोराला झालंय. माझ्यासारखं. कबड्डी सोडली त्यानं, कुणाशी बोलत नाय. आमच्या रक्तातच आहे वाटतं."

मी म्हणालो, "अरे, जातं ते आपोआप. त्या वयात होतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, मे महिना, घाम निथळतोय. छातीवर आडवा हात. "माझं कुठं गेलं रे?" म्हणाला. "तुझ्याच मामानं सांगितलं होतं ना, तसंच राहतं म्हणून."

आता बघा. मामा नव्हता. डॉक्टर कधीच गेले. शाळा नव्हती, पोरं नव्हती, संघ नव्हता. माझ्याकडून आता कुणी काही हिरावून घेणार नव्हतं. समोर फक्त तो होता आणि त्याचं पोरगं घरी दार लावून बसलं होतं. अजून काय सोपं व्हायला हवं होतं?

मी म्हणालो, "तेव्हाचं वेगळं होतं. आता औषध निघालंय." आणि मागे वळून कॅल्शियमच्या गोळ्या काढून दिल्या. रोज एक, दुधातून. आणि पोराला सांग, नक्की जाणार. नक्की म्हणून सांग.

त्याने पाकीट दोन्ही हातांनी घेतलं. दारात थांबून म्हणाला, "आपल्या टायमाला असतं हे औषध, तर."

पोराचं गेलं. जाणारच होतं. यंदा तो शाळेच्या संघात आहे, चढाईला जातो, बापासारखाच चपळ आहे म्हणतात. मी बघायला गेलेलो नाही.

परवा काशिनाथ घरी आला होता. कापणी झाली, नव्या तांदळाची पिशवी घेऊन. बायकोला म्हणाला, "वहिनी, दिन्यानं माझ्या पोराला वाचवलं." चहा घेतला, बसला थोडा वेळ. दोन्ही खांदे पुढे. वरचं बटण लावलेलं.

बायकोने त्याच दिवशी तो तांदूळ शिजवला. नव्या भाताचा वास घरभर पसरला होता. ती म्हणाली, छान झालाय ना?

हो म्हणालो. आणि अजून थोडा वाढून घेतला.