थोडी माणसं

पिशोरच्या स्टँडवर एसटी लागली तेव्हा आबांनी जागा धरायला माझी पिशवी खिडकीतून आत टाकली. कंडक्टरनं विचारलं नव्हतं, तरी त्याला सांगितलं, "पोरगी शहरात हाटेलात लागली. काउंटरवर." मेंढरांमागं न हिंडता नोकरी धरणारी आमच्या घरातली मी पहिलीच. आई खालून एवढंच म्हणाली, "जेवत जा येळेवर."

तिथंच राहिलेल्या मैत्रिणींनो आणि माझ्यासारख्याच शहरात आलेल्यांनो, पुढचं तुम्हाला सांगते.

हॉटेलात लेणी बघायला आलेले परदेशी पाहुणे उतरतात. काउंटरवर उभं करण्याआधी मॅनेजर साहेबांनी परीक्षा घेतली. ते पाहुणा झाले. मी सामान किती आहे ते इंग्रजीत विचारायचं. मी म्हणाले, "हाऊ मेनी लगेज, सर?" ते हसलेसुद्धा नाहीत. "बॅगा मोजता येतात, तिथं मेनी. लगेज मोजत नाहीत, तिथं मच. हे पक्कं होईस्तोवर खाली लॉन्ड्रीत."

खाली म्हणजे तळघर. खिडकी नाही. बाहेर ऊन आहे का आभाळ, कळत नाही. ओल्या चादरींचा वास जेवणालाही लागतो.

आपल्याला एक 'किती' पुरतं. मेंढरं किती, दूध किती, जीव किती लावला, सगळ्याला तेच. इंग्रजीत तोंड उघडायच्या आधी ठरवावं लागतं, ही वस्तू मोजायची का नाही. ब्रेड मोजायचा नाही, डोक्यावरचे केस मोजायचे नाहीत, कामसुद्धा नाही. मी तिथंच अडकते, आणि मग गप्पच बसते.

ड्युटी सुटली की क्रांती चौकातल्या क्लासला जाते. तिथल्या मॅडमनी एकदा शिकवलं, 'अ फ्यू फ्रेंड्स' म्हणजे थोड्या का होईना, मैत्रिणी आहेत. आधीचा 'अ' गेला की थोड्याच, जवळजवळ नाहीतच. मग मला उठवून स्वतःबद्दल वाक्य करायला लावलं. मी म्हणाले, "आय हॅव फ्यू फ्रेंड्स." 'अ' राहून गेला. मॅडमनी तो घालून दिला. मी मान हलवली, पण माझं वाक्य चुकलं नव्हतं.

उन्हाळ्यात आबा न सांगता आले. काउंटरवरच्या मुलीला माझं नाव माहीत नव्हतं. शेवटी वॉचमननं मला खालून बोलावलं. मी ओल्या अ‍ॅप्रनमध्येच वर गेले. आबा काचेच्या दाराशी चपला हातात धरून उभे होते. त्यांनी काउंटरकडं पाहिलं, मग माझ्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडं.

बाहेर पायरीवर बसल्यावर म्हणाले, "घरी चलतीस का?"

जावंसं लई वाटत होतं. पण गेले तर धाकट्या बहिणीचं कॉलेज त्याच दिवशी बंद झालं असतं, माझ्याकडं बोट दाखवून. "नाय आबा," मी म्हणाले.

"हितं तुझी माणसं हायत का कुणी?"

"हायत थोडी."

मराठीत थोडी म्हटलं की भागतं. आबांनी पाठीवर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मागं आईचा, शेजारणींचा आवाज होता. आबा फोन कानाला धरूनच शेजारणींना ऐकू जाईल असं सांगत होते, "व्हय, पाहिलं की म्या. काउंटरवरच व्हती. गोऱ्या पाव्हण्यांशी बोलत व्हती."

मी चादरींच्या ढिगाला टेकून ऐकत राहिले. आता घर म्हणजे ते एकच ठिकाण, जिथं मी काउंटरवर उभी आहे. तिथं परत जायची सोय उरलेली नाही.