काचीगुड्यातलं ‘नक्को’
सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की काचीगुड्यातलं ते दुरुस्तीचं दुकान आठवतं. पहिल्याच नोकरीत कंपनीचा लॅपटॉप माझ्या हातून पडून स्क्रीन तडकला होता, आणि दुसऱ्याच दिवशी त्यावर गिऱ्हाइकाला काम दाखवायचं होतं. नव्या स्क्रीनला माझे दोन पगार लागतील, जुन्या, वापरलेल्या स्क्रीनला एक, असं सांगून म्हातारे कारागीर म्हणाले, “नक्को बनवाओ.” मला वाटलं, ते कामच नाकारतायत; त्यांच्या दखनीत ते सांगत होते, उगाच खर्च करून दुरुस्त करून घेऊ नकोस. माझा चेहरा बघून ते हसले. “रोते कायकू मियाँ? पीछे ऑफिस का मॉनिटर लगा लेव, सब दिखता.” त्यांनी स्वतःचा मॉनिटर जोडून दाखवला, पैसे घेतले नाहीत. काम वेळेत दाखवलं, साहेबांना खरं सांगितलं, नोकरी टिकली. पुढे मोठमोठ्या पदव्यांची माणसं भेटली. पण हातात आलेलं गिऱ्हाईक असं हसत परत पाठवणारा माणूस मला अजून दुसरा भेटलेला नाही.