दोनच सीटांची गाडी

अण्णाराव एस्टीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी कंधार डेपोत गेली. कंडक्टरनं दोनदा घंटी वाजवली की गाडी सोडायची आणि रस्त्यात कुणी हात केला की ब्रेक दाबायचा, हे त्यांच्या पायाला इतकं पक्कं ठाऊक की डोक्याला विचारायची गरजच नसे. बायको शिवकांता लातूरला माहेरी जाताना कितीदा त्यांच्याच गाडीत असायची, पण मागे, गाठोड्यांच्या गर्दीत. "नवरा माझा, पण मला नुसती त्याची टोपी दिसायची," असं ती हसून सांगायची. अण्णारावांच्या मनाला ते हसू लागायचं.

म्हणून रिटायर झाल्यावर नांदेडच्या एका भंगारवाल्याकडे त्यांना ती गाडी दिसली तेव्हा ते जागचे हलेनात. एमजी कंपनीची, चौसष्ट सालची, थेट विलायतेतून आलेली, बिनटपाची, बसकी, आणि मुख्य म्हणजे दोनच सीटांची. तिसऱ्याची सोयच नाही! मेकॅनिक नासिरभाईंनी आधी कपाळाला हात लावला, पण पुढे तेही असे नादावले की जो पार्ट मिळेना तो स्वतः घडवू लागले. दोन-तीन वर्षांनी गाडी लालभडक होऊन कंधारात आली. रंगावर माशी बसली तरी अण्णाराव फडकं घेऊन धावत.

शिवकांतानं गाडीला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि ती दाराकडे वळेपर्यंत व्याही श्रीमंतराव आत बसलेसुद्धा. आता व्याह्यांना उठा कोण म्हणणार? दुसऱ्या दिवशी जावई. मग गल्लीतला एक नवरदेव, वरातीला. प्रत्येक वेळी ती मुकाट बाजूला व्हायची आणि अण्णाराव आतल्या आत चरफडायचे. माणूस भिडस्त, तोंडातून नकार निघेल तर शपथ!

शेवटी एके दिवशी गल्ली उठायच्या आत दोघं लातूरला निघाली. शिवकांता शेजारी! पदर वाऱ्यावर आणि नजर नवऱ्याच्या तोंडावर. माळाकोळीच्या फाट्यावर एका म्हातारीनं हात केला, आणि मेला पाय ब्रेकवर पडलाच.

"आगं बया, आर्धीच गाडी?" म्हातारी गाठोडं सावरत म्हणाली. "लेकी, तू ये की मागल्या एष्टीनं. माझे गुडघे लई दुखून राहिलेत."

अण्णाराव फडकं काढून पुढची काच पुसू लागले. शिवकांताचा हात सवयीनं दाराच्या कडीवर गेला. तिनं मागे वळून पाहिलं. लातूरची एस्टी येतच होती, निम्मी रिकामी.

"आजी, तुमची एष्टी आली बघा. तिथं ऐसपैस बसा," ती म्हणाली. "ही गाडी फुल हाय."

मग कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून तिनं त्या लालभडक दारावर दोनदा हाणला. ठण, ठण!

पायानं हुकूम ऐकला. गाडी सुटली. आरशात एस्टी म्हातारीसाठी थांबलेली दिसली, आणि मग अहमदपूर येईपर्यंत दोघांना हसू आवरेना.

दारावर दोन टवके उडाले होते. पुढच्या आठवड्यात नासिरभाई रंगाचा डबा घेऊन वाकले, तर अण्णारावांनी त्यांचा हातच धरला.

"न्हाई भाई," ते म्हणाले. "तेवढं सोडून कुठंबी मारा."