दिवा लावलेल्या मूर्तींचं संग्रहालय

मंडळी, आज दुपारी लोकल बोर्डाच्या बैठकीत मी एक विनोद केला. सगळे हसले. तेव्हापासून तो मलाच टोचतोय.

ब्राह्मणपुरीचे सुपडूआप्पा नांगरताना सापडलेल्या जुन्या मूर्ती गोठ्यात सांभाळतात. त्यांना संग्रहालयाची खोली बांधायला अनुदान हवं होतं. नाहीतर येत्या पावसाळ्यात गोठ्याची भिंत त्या मूर्तींवरच कोसळणार.

कायदा असा, की करातला पैसा संग्रहालयाला देता येतो, देवळाला नाही. म्हणून मी, बोर्डाचा कायदेपंडित, विचारलं, "आप्पा, मूर्तींची पूजा होते का?"

"व्हय ना भाऊ. मन्ही बायको रोज दिवा लावस. देवले अंधारामा कसं ठेवानं?"

"मग अनुदान खोलीला हवंय की तेलाला?"

बैठक खदखदून हसली आणि अर्ज नामंजूर झाला.

जाताना आप्पांनी हळूच विचारलं, "दिवा बंद कया तं खोली भेटी का, भाऊ?"

मी खाली माझ्या चपलांकडे पाहिलं. बैठकीआधी, परवा, अर्जाच्या पाहणीला गेलो, तेव्हा कुणी न सांगता गोठ्याच्या दारात चपला काढणारा मीच होतो. तुम्हीच सांगा, मी तेव्हा कुठे शिरत होतो?